बाईंनी मला हॅगर्ड म्हटलं त्याची हकिगत

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या चष्मेवाल्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकले आहे असं समज. सध्या कंबर धरली आहे, त्यामुळे वाकण्याची सगळी कामं मी कागदावरच उरकते.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना दिवसातून एकदाच उतरायचा हे डॉक्टरांचं म्हणणं तू पाळतेस, की एकदाच उतरून चारदा चढतेस? झोप लागते ना? दातांचं काही असेल तर आता संकोच करू नकोस, घरचाच माणूस आहे. इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. म्हणजे आता ठीक आहोत. मधले काही दिवस नव्हतो, आणि ते तुला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच कळवावं म्हणून हे पत्र.

ज्या वयात बायका सुनेची वाट बघतात त्या वयात मी सून झाले, हे तू लग्नाच्या दिवशीच सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली होतीस. त्याचा राग नाही, कारण ते खरंच आहे. पण त्यामुळे काही साध्या गोष्टी अवघड होऊन बसतात. नवऱ्याला 'हे' म्हणायचं वय निघून गेलेलं, आणि नावाने हाक मारावी तर घशात काटा अडकल्यासारखं होतं. म्हणून अख्खी गल्ली म्हणते तसं मीही त्यांना कवळीवाले म्हणते. (गावातले सगळे दंतवैद्य त्यांच्याकडूनच कवळ्या करून घेतात. माणूस इतका शांत आहे की घरी आला हे त्याच्या बुटांवरच्या प्लॅस्टरच्या भुकटीवरून कळतं.) आणि सासूबाईंना आई म्हणायला माझी जीभ वळेना. त्या जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होत्या, त्यामुळे वाणी, पोस्टमन, डॉक्टर सगळे त्यांना बाई म्हणतात. मीही बाईच म्हणते. त्यांनी हरकत घेतली नाही. फक्त मी पहिल्यांदा बाई म्हटलं तेव्हा त्यांनी मला सरळ बसायला सांगितलं.

बाई वाईट नाहीत हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तू त्यांच्यावर दात खाणार नाहीस. शिस्तीच्या आहेत. घरात वस्तूची जागा बदललेली त्यांना खपत नाही. खुर्ची वीतभर सरकली तरी त्या दुखावतात. डोळ्यांना ऊन सोसत नाही म्हणून घरातसुद्धा गडद तपकिरी काचांचा चष्मा लावतात. तो त्यांच्या जुन्या चष्मेवाल्याने केलेला, आणि तो बिचारा वारला तरी त्याच्यावरची निष्ठा ढळलेली नाही, म्हणून माझ्याकडे डोळे तपासायला त्यांनी कायम नकार दिला. रोज सकाळी कवळीवाल्यांना समोर बसवून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावतात. त्यांचे उच्चार सुधारावेत म्हणून, असं त्या म्हणतात. साठीला टेकलेल्या माणसाचे उच्चार सुधारायची ही जिद्द पाहून मी मनातल्या मनात हात जोडत असे. चष्म्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढून मला या सगळ्यातून काय दिसायला हवं होतं ते तू एव्हाना ओळखलंही असशील. मला दिसलं नाही.

तर झालं असं. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी चहाला आल्या. सगळ्या साठीच्या आसपासच्या, एक वकील, एक डॉक्टरीण, बाकीच्या नातवंडवाल्या, आणि सगळ्या बाईंसमोर गुडघे जुळवून बसलेल्या. मी दुकानातून धावतपळत आले होते. सकाळपासून एका गिऱ्हाइकाने सगळ्या फ्रेमा लावून पाहिल्या आणि शेवटी स्वतःचाच जुना चष्मा पुसून घेऊन तो निघून गेला होता. केस विस्कटलेले, जेवण राहिलेलं, अशी मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिले. बाईंनी माझ्या दिशेने हात केला आणि त्या इंग्रजीत म्हणाल्या, ही माझी सून, ही हॅगर्ड आहे. आणि हसल्या. तशा त्या सहसा हसत नाहीत. बाकीच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपापल्या जुळवलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई उठून माझ्या हातातला ट्रे घेऊ लागल्या, जणू मी आता तो टाकणारच आहे.

मावशी, माझं इंग्रजी बेताचंच, हे तुला माहीत आहे. एखादा दुसरा शब्द असता तर मी छान म्हणून पुढे बिस्किटं वाटली असती. पण नेमका हा शब्द मला पक्का माहीत होता. माझ्या दुकानाच्या दारावर काचांच्या एका कंपनीची जाहिरात आहे. तिच्यात एक बाई आहे. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, डोळ्यांखाली काळं, आता रडेल की मग रडेल असा चेहरा. तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तुम्ही हॅगर्ड दिसता का? (पुढे त्यांच्या काचा लावल्या की माणूस कसा टवटवीत दिसतो त्याचं चित्र आहे. काचा मी विकते, टवटवीत झालेलं गिऱ्हाईक अजून पाहिलं नाही.) ती जाहिरात मीच स्टुलावर चढून चिकटवली होती. तेव्हा अर्थ विचारायला कुठे जायची गरज नव्हती.

मी ट्रे डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि आत निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून सौंदर्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने माझा चेहरा भिंगाखाली पाहिला आणि अशी मान हलवली, जशी मी एखाद्याचा फार जुना चष्मा पाहून हलवते. तिने तोंडाला काहीतरी हिरवं थापलं, डोळ्यांखाली काहीतरी पांढरं लावलं आणि केसांना गडद तपकिरी रंग दिला. रंग गडद तपकिरी झाला नाही, जांभळट झाला. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही, पण संध्याकाळपर्यंत दोन्ही डोळे असे सुजले की उरल्या नुसत्या दोन फटी. आरशात पाहिलं तेव्हा पटलं, हॅगर्ड तरी आता कोणी म्हणणार नाही. त्यासाठी डोळे खोल जावे लागतात, माझे बाहेर आले होते. दुसऱ्या दिवसापासून मी काळा चष्मा लावून दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकं दारातून डोकावायची, नजर तपासणारीच काळ्या चष्म्यात बसलेली पाहायची आणि आलो हं म्हणून जायची.

आणि मग मी रागाच्या भरात दुकानावरच्या माझ्या जुन्या खोलीत राहायला गेले. लग्नाआधी इतकी वर्षं जिथे एकटी राहिले ती खोली मी सोडलेली नव्हती. सामान ठेवायला लागते, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे सामान काहीच नव्हतं. एक पलंग, एक शेगडी आणि खिडकी. तिथे जाऊन बसल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पहिल्या संध्याकाळी वाटलंही. दुसऱ्या संध्याकाळी चहा केला तर तीन कप झाला. मी ते तिन्ही कप प्यायले आणि कपबशा जरा आपटूनच ठेवल्या.

कवळीवाले मध्यस्थी करायला आले. (म्हणजे आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ स्वतःच्या बोटांना लागलेलं मेण काढत राहिले.) मी त्यांना एकच सांगितलं, आपल्या आईला विचारा, त्या मला काय म्हणाल्या. ते गेले. आईला असं काही विचारायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. बाईंनी त्यांना समोर बसवून त्या शब्दाचं जन्मापासूनचं सगळं सांगितलं म्हणे. ते ऐकून ते थेट माझ्याकडे आले, विसरू नये म्हणून वाटेत कोणाशी बोलले नाहीत, आणि दारातूनच म्हणाले, "आई म्हणते, तू बहिरी आहेस. रानातून पकडून आणलेली."

मी त्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. तूच सांग, मी काय करायला हवं होतं? आधी चेहरा उतरलेला, आता वर ऐकूही येत नाही, आणि कुळ रानातलं. ते दाराबाहेरून बराच वेळ पक्षी, पक्षी असं काहीतरी म्हणत होते. माझ्या कानात राग भरला होता. त्या दिवशी खरोखरच मला काही ऐकू आलं नाही, त्या अर्थी माणूस अगदीच चुकीचं बोलला नव्हता.

यानंतरचं मात्र नीट सावकाश वाच, कारण ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दुकानात आल्या. एकट्या. त्या घराबाहेर एकट्या कधीच पडत नाहीत, तेव्हा मला वाटलं, भांडायला आल्या. मी कपाटाजवळ उभी राहून काचा पुसत होते, तशीच राहिले. बाईंनी दाराची चौकट हाताने चाचपली, पायरी पायाने शोधली आणि त्या आत आल्या. दुकानाच्या टेबलावर प्लॅस्टिकचं एक बाईचं डोकं ठेवलेलं असतं, फ्रेमा मांडायला. त्या दिवशी त्याच्यावर काळा चष्मा होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांनी घसा साफ केला आणि त्याला म्हणाल्या, "मी तुझी क्षमा मागायला आले आहे."

मावशी, क्षणभर मला वाटलं की हा टोमणा आहे. माझ्यापेक्षा हे डोकं बरं, असं काहीतरी. मी तोंड उघडणारच होते. पण बाई बोलत राहिल्या. ते डोकं गप्प आहे याचा अर्थ मी रागावलेली आहे असं धरून, सावकाश, अडखळत बोलत राहिल्या. मुलगा मुळात कच्चा, त्याला समास कधी जमले नाहीत, त्याने निरोपाची वाट लावली, मी ससाणा म्हटलं, बहिरी ससाणा, तर त्याने ससाणा वाटेतच टाकला, असं सांगत राहिल्या. बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला, माझा हात हातात घ्यायला. तो टेबलावर चाचपडला आणि चष्मे पुसायच्या फडक्यावर जाऊन थांबला. तेव्हा मी हातातली काच खाली ठेवली.

मी बाई, अशी हाक मारत जाऊन त्यांचा हात धरला. त्या दचकल्या. एकदा डोक्याकडे, एकदा माझ्या आवाजाकडे वळल्या, आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. मी त्यांना आत तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि समोर तक्ता लावला. बाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत आवाजात सगळा वाचून दाखवला, शाळेत वाचायच्या तसा, एकही चूक नाही. फक्त मी जो लावला होता तो आकड्यांचा होता. जुन्या चष्मेवाल्याचा अक्षरांचा तक्ता त्यांनी पाठ केलेला होता. तपकिरी चष्मा काढून बॅटरी लावून पाहिलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून दुधासारखे झालेले. एका घरात, एका टेबलाशी, माझ्यासमोर बसून ही बाई इतके महिने जेवत होती, आणि मी लोकांच्या काचांवरचे ओरखडे शोधत होते.

लपवलं का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, तू घरात आलीस तेव्हा वाटलं, आल्या आल्या आंधळी सासू दाखवली तर ही उंबऱ्यातूनच परत जाईल. पुढे वाटलं, आता कळलं तर ही राहील, पण दया येऊन राहील. ते त्यांना अधिक नको होतं.

मग त्यांनी मला तो शब्द समजावला. खुर्चीत ताठ बसून, डोळे माझ्या थोडे उजवीकडे लावून. तो शब्द शिकारीतला. शिकारी पक्षी पाळायचे दिवस होते तेव्हाचा, फ्रेंचांकडून इंग्रजांनी उचललेला. (फ्रेंचांनी कुठून आणला यावर विद्वानांचं एकमत नाही. काही जण कुंपणाशी नातं लावतात. बाईंना हे एकमत नसणं मनापासून आवडतं असं दिसलं.) घरट्यातून पिल्लू उचलून आणलं की ते माणसालाच आई समजतं, आणि माणूस शिकवेल तेवढंच त्याला येतं. पण पुरी वाढलेली, रानात स्वतःच्या जिवावर शिकार करून जगलेली मादी पकडली, तर ती हॅगर्ड. ती माणसाळवताना जीव मेटाकुटीला येतो. पण तिला शिकार शिकवावी लागत नाही. आणि आकाशात सोडली की ती परत हातावर येऊन बसेलच याची काही खात्री नसते.

"बसते, ती सवयीने नाही," बाई म्हणाल्या. "स्वतः ठरवून बसते. आमच्या घरी तू तशी आलीस, एवढंच मला त्या बायकांना सांगायचं होतं."

मी म्हटलं, मग माझ्या दारावरची ती रडवी बाई कुठून आली? तर म्हणे, अशा पक्ष्याची नजर माणसाळत नाही, रानटीच राहते. मग तशा नजरेच्या माणसालाही हॅगर्ड म्हणू लागले. नजर रानटी कशाने होते? भुकेने, जागरणाने, काळजीने. तेव्हा डोळ्यांबरोबर गालही बसले. त्यात इंग्रजीत हॅग म्हणून कुरूप म्हातारीला शिवी आहे, ती शेजारी राहायला, तिच्या संगतीने शब्द आणखी बिघडला. पक्षी उडून गेला आणि ओढलेला चेहरा तेवढा मागे राहिला.

सगळं पटलं, पण मनात होतं ते बोलून टाकलं. मी म्हटलं, बाई, पण त्या दिवशी चहाला बसलेल्या सगळ्यांना दुसराच अर्थ माहीत होता.

त्यांनी तपकिरी चष्मा चाचपून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, म्हणजे मी त्यांना इतकी वर्षं काय शिकवलं? आणि पुढे म्हणाल्या, "दुसरा अर्थ मी कसा म्हणेन? तुझा चेहरा मी अजून पाहिलेला नाही."

यावर मी काय केलं ते लिहीत नाही. सुजलेल्या डोळ्यांनी रडणं फार दुखतं एवढंच सांगते. नंतर त्यांना धरून घरी नेलं. वाटेत त्या म्हणाल्या, ती वरची खोली सोडू नकोस. मी म्हटलं, मी कुठे जाणार आता? त्या म्हणाल्या, जायला जागा आहे आणि तरी तू घरी आहेस, हे मला रोज सकाळी कळलेलं आवडेल.

कवळीवाल्यांना मोतीबिंदूचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कवळी खाली ठेवली, आणि आपण रोज सकाळी वर्तमानपत्र कशासाठी वाचत होतो ते त्यांना कळलं. आपले उच्चार सुधारले असं त्यांना मनापासून वाटत होतं. तेवढं एक दुःख झालं.

ऑपरेशन ठरलं. जायच्या दिवशी बाई पहिल्यांदाच माझ्यासमोर घाबरलेल्या दिसल्या. गाडीत माझं मनगट धरून बसल्या होत्या, त्याचा वळ दोन दिवस होता. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. (एका डोळ्याचं झालं. दुसरा पुढच्या महिन्यात.) बाईंनी आधी मुलाकडे पाहिलं आणि तू इतका म्हातारा कधी झालास असं विचारलं. ते म्हणाले, हळूहळू. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. माझी सूज उतरली होती, पण केस अजून जांभळट होते, आणि त्या आठवड्यात धड झोप झालेली नव्हती. त्या पाहत राहिल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाई न करता, उत्तरपत्रिका तपासावी तशा. खोलीत डॉक्टर होते, नर्स होती, सगळे थांबले.

शेवटी बाई म्हणाल्या, "दुसरा अर्थही बरोबर आहे."

आणि मग माझ्या गालावर हात ठेवून तो बराच वेळ तसाच ठेवला. डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती, डोळ्यावर ताण येतो म्हणून. आम्ही तिघांनीही ती मोडली.

तर मावशी, हे असं आहे. मी बरी आहे, घरी आहे, आणि थकलेली दिसते. तुझ्या तब्येतीला जप. कवळीवाले नमस्कार सांगतात, म्हणजे मी विचारल्यावर त्यांनी मान हलवली. बाईंचा आशीर्वाद नाही, कारण तू त्यांच्याहून मोठी निघालीस, म्हणून त्यांचाही नमस्कारच.

तुझी,
चष्मेवाली

ता. क. चहावाल्या बायकांना बाईंनी पुन्हा बोलावून शब्द नीट शिकवला. आता त्या फोनवर एकमेकींना हॅगर्ड म्हणतात. वकीलबाईंनी आपल्या सुनेलाही म्हटलं. ती माहेरी गेली आहे.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि भलतीकडेच वाहवत गेले. तुझं मागचं पत्र आलं, त्यावर तिकिटावरच पत्ता लिहिला होता, आणि आतली शेवटची चार वाक्यं एकाच ओळीवर, एकमेकांच्या अंगावर. लग्नात तू माझ्याऐवजी कवळीवाल्यांच्या चुलत बहिणीला मिठी मारून रडलीस, तेव्हा मला वाटलं, भावना अनावर झाल्या. मावशी, डोळे दाखवायला ये. मी स्टेशनवर घ्यायला येते. एका घरात मी एकदा चुकले आहे, दुसऱ्यांदा चुकायचं नाही.

ता. क. तिसरा. हा मावशीसाठी नाही. हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या बाईंना सविनय नमस्कार. तिचं शेवटचं पत्र सोडलं तर वर्षभराची सगळी पत्रं एका सुरेख, वळणदार, अनोळखी अक्षरात होती, ते तुमचंच असणार. आपण दुसरा ता. क. मनातल्या मनात वाचून पुढे गेला असाल, तर मेहेरबानी करून मागे जाऊन तो मोठ्याने वाचावा. ती म्हणेल, कळलं, कळलं, पुढे वाच. तेव्हा तिला सांगावं, पुढे काही लिहिलेलं नाही.